पाचोळ्याची सवय

दर रविवारी आमच्या अंबड रोडवरच्या कॉलनीत एक म्हातारा हातगाडीवरून काळी माती विकायला यायचा. घरात कुंड्या किती ते आधी विचारायचा आणि तेवढ्यापुरतीच द्यायचा. देण्याआधी एक ढेकूळ चुरडायचा, नाकाशी न्यायचा आणि मान हलवायचा. मला तो नखरा वाटायचा.

“कुठली माती आहे, चाचा?” मी एकदा विचारलं.

त्यानं बोट खाली केलं. “तुमच्या पार्किंगच्या खालची. बाग तोडून पाया खोदू लागले, तवा वरची हातभर माती मी भरून नेल्ती. मंग त्यांनी मुरूम टाकला.”

त्याच मोसंबीच्या बागेतून मी शाळेत जायचो. पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत बुडायचे आणि भर उन्हाळ्यातही तळव्यांना ओल लागायची. तिथंच मी फ्लॅट घेतला, आणि बागेची आठवण मला या माणसानं करून द्यावी!

“वाळली पानं जाळू नका भाऊ, हिच्यातच टाका,” माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांसाठी गोणी उतरवत तो म्हणाला. “हिला पाचोळ्याची सवय हाय. भेटला न्हाई तर चार सालात बिलकुल राख होऊन जाती.”

माती संपली तसा तो यायचा थांबला.

आमचा वॉचमन रोज सकाळी कॉलनीतली पानं झाडून पेटवतो. मी त्याच्या आधी खाली उतरतो आणि पिशवीभर पानं उचलतो. काल लिफ्टमध्ये शेजाऱ्यानं विचारलं, “एवढा कचरा कुठं नेता?”

“बागेत,” मी म्हणालो आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.