उज्ज्वलाची बॅग आणि देवसिंगचा हूक

माणसं स्वतःच्या खिशातले पैसे भरून ओझं वाहतात, ही गोष्ट देवसिंग आडेला वयाच्या पन्नासाव्या वर्षी कळली. तो नुकताच दिग्रसच्या बाजार समितीतून तांड्यावर परतला होता. दिवसभरात तुरीची शे-दीडशे पोती त्याच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढली होती आणि आता हातात चहाचा कप होता. तो कप ओठांपाशी आला आणि तिथंच थांबला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

उज्ज्वलानं, त्याच्या बावीस वर्षांच्या लेकीनं, पुन्हा सांगितलं. यवतमाळच्या एका अकॅडमीनं स्पर्धा ठेवलीय. पाठीवर बॅग, बॅगेत वजन, वीस किलोमीटर चालायचं. मुलींना बारा किलो. निघताना वजन होणार, पोचल्यावर पुन्हा होणार. पोचल्यावर बारा किलोच्या खाली भरलं की बाद.

"बॅगीत माल कोणता राह्यते?"

"रेती."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? आपलीच. घरून न्यायची, घरी आणायची."

"म्हणजे इथली रेती यवतमाळले न्यायची, तिथं फिरवायची, आन् वापस आणायची."

"हाव."

"आन् हमाली?"

"हमाली नाही मिळत, बा. आपणच तीनशे रुपये भरायचे."

चुलीपाशी बसलेली मानीबाई, देवसिंगची बायको, पदरात तोंड घालून हसली. "एकतीस वर्सं तुमी उलटंच करून राह्यले मंग. लोकं पैसे देऊन करतात ते काम तुमी पैसे घेऊन केलं."

देवसिंग हसला नाही. त्याला खरंच धक्का बसला होता. त्याचा आजा सांगायचा, आपल्या लोकांनी बैलांवर गोण्या लादून मीठ, धान्य कुठून कुठं नेलं. देवसिंगनं स्वतः शंभर किलोचं पोतं होतं तेव्हापासून हमाली केली, पुढं ते पन्नास किलोचं झालं. पण पोतं कुठून तरी निघून कुठं तरी पोचायचं, हे त्यानं गृहीतच धरलेलं. जिथून निघालं तिथंच परत येणारं ओझं त्याच्या डोक्यात मावत नव्हतं.

मग उज्ज्वलानं शेवटचं वाक्य सांगितलं आणि ते मावलं. पहिल्या पाच मुलींना वनरक्षक भरतीची तयारी सहा महिने फुकट, राहण्याजेवणासकट. गेल्या वर्षी ती लेखी परीक्षेत पास झाली होती आणि चालण्यात अकरा मिनिटं मागं पडली होती. त्या अकरा मिनिटांवर घरात कोणी बोलत नसे.

"बॅग कितीची येते?" देवसिंगनं विचारलं.

तिनं मोबाइल पुढं केला. फोटोत हिरवट रंगाची, सैनिकांच्या पाठीवर असते तशी बॅग होती. खिसेच खिसे, पट्टेच पट्टे. खाली आकडा होता, नऊ हजार चारशे.

देवसिंगनं मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. "एवढ्या पैशात तं बॅगीनंच पोरीले उचलून न्यायले पाह्यजे."

"मले माह्यीत हाय, बा. माझ्याजवळ पंधराशे हायेत. अतुलभाऊच्या दुकानात तशाच मिळतात म्हणे. टॅक्टिकल."

"ते काय राह्यते?"

"मिलिटरीवाली."

"मी येतो सोबत," देवसिंग म्हणाला. "वझ्याचं काम हाय. मले कळते त्यातलं."

अतुलचं दुकान दिग्रसच्या मेन रोडला. बाहेर सुटकेसींची उतरंड, आत लग्नाच्या बॅगा, शाळेच्या बॅगा आणि मागच्या भिंतीवर या मिलिटरीवाल्या. अतुलनं सगळ्यात आधी एक काळी काढली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'कमांडो' असं लिहिलेलं.

"भरतीवाली सगळी पोरं हेच नेऊन राह्यले, काका. साडेअठराशे, पण तुमच्यासाठी पंधराशे."

देवसिंगनं बॅग हातात घेतली आणि पहिलं काम केलं ते म्हणजे ती उलटी केली. आतलं बाहेर. अक्षरं आत गेली, शिवण वर आली. खांद्याचा पट्टा जिथं बॅगेला जोडला होता तिथं एकाच दोऱ्याची एक रेघ होती. त्यानं बॅगेवर पाय दिला, पट्टा दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. टक. टक.

"काका, शिवण जाईन ना."

"तेच पाहून राह्यलो."

अतुलनं ती त्याच्या पायाखालून हळूच काढून घेतली. मग एक खाकी निघाली, बिननावाची, साडेबाराशेची. देवसिंगनं तीही उलटी केली. हिचा पट्टा शिवणीच्या आतून आला होता, वर चौकोन शिवलेला आणि चौकोनात फुली. त्यानं पाय दिला, ओढलं. आवाज आला नाही. पाठीकडून जाड स्पंज होता, कमरेला पट्टा होता, छातीवरून जाणारा एक लहान पट्टा होता.

"हे चांगली हाय," तो म्हणाला. अतुल नाराज दिसला.

देवसिंगनं शेजारच्या किराण्यातून दहा किलोची कणकेची थैली मागून आणली, बॅगेत घातली आणि उज्ज्वलाच्या पाठीवर चढवली. थैली तळाला जाऊन बसली आणि बॅग तिच्या कंबरेखाली लोंबली.

"चाल."

ती दुकानाच्या दारापर्यंत चालली.

"मागं ओढते ना?"

"हाव."

"वझं खाली राह्यलं का ते तुले घरीच बोलावते. वर पाह्यजे, खांद्याच्या हाडापाशी, पाठीले चिपकून. खाली थर्माकोल घाल, त्याच्यावर रेती." मग बॅगेच्या बुडाशी त्याला पितळी कडी बसवलेलं एक भोक दिसलं. त्यानं त्यात करंगळी घातली. "हे कायले?"

"पाणी आत गेलं तं निथळायले, काका."

"आमच्या पोत्याले भोक असलं का व्यापारी आमच्यावर वरडते. तुमी भोकाचे पैसे घेता."

"आन् हे वरचं हँडल," अतुल घाईनं म्हणाला, "उचलायले."

देवसिंगनं हँडलकडं पाहिलंही नाही. उचलण्याबद्दल त्याला कोणी काही सांगावं, असं एकतीस वर्षांत घडलं नव्हतं.

कारण उचलायला त्याचा हूक होता. वीतभर लांबीचा लोखंडी आकडा, लाकडी मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. हमालीच्या पहिल्या महिन्यात लोहाराकडून वाकवून घेतला होता. पोत्यात हूक रुतवायचा, हिसका द्यायचा, पोतं पाठीवर. तागाचे धागे बाजूला सरकतात, हूक निघाला की पुन्हा जवळ येतात. सकाळी समितीच्या फाटकातून आत शिरताना हूक त्याच्या उजव्या हातात येई आणि संध्याकाळपर्यंत तो हातातच असे, इतका, की चहा तो डाव्या हातानं पीत असे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी तो भरलेली बॅग समितीत घेऊन गेला. उज्ज्वलानं नदीची रेती वाळवून, चाळून, दोन-दोन किलोची सहा पाकिटं केली होती, प्रत्येकाला खाकी टेप. संध्याकाळच्या गाडीनं दोघं यवतमाळला जाणार होते, त्याआधी वजन पक्कं करायचं होतं. समितीचा काटा कधी खोटं बोलत नाही, असा देवसिंगचा विश्वास. काट्यावर बॅगेसकट बारा किलो चारशे भरलं.

"बरोबर हाय," तो बळीरामला म्हणाला. बळीराम त्याच्या टोळीतला, वीस वर्षांचा जोडीदार. "चारशे वर ठेवले. असू दे."

त्यानं बॅग ओट्याच्या कडेला ठेवली. तेवढ्यात तुरीचा एक ट्रॅक्टर उलटा येऊ लागला. ट्रॉली ओट्याला लागणार, बॅग मधोमध.

"देवसिंग, उचल ना बे ते," बळीराम म्हणाला.

देवसिंग वळला, वाकला आणि उचलली.

एवढंच झालं. जशी रोज शेकडो वेळा उचलतो तशीच. हात खाली गेला, मनगट फिरलं, हिसका बसला. आणि एक आवाज आला जो तागाच्या पोत्याचा नव्हता. लांब, चरचरत गेलेला. बॅग हवेत होती, हूक तिच्या पोटात होता आणि खाकी कापड हूकापासून वरच्या शिवणीपर्यंत हातभर उघडं पडलं होतं.

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं.

"काय केलं बे हे," बळीराम अगदी हळू म्हणाला.

देवसिंगनं हूक काढला. कापड जवळ आलं नाही. तो आपल्या उजव्या हाताकडं पाहत राहिला, कोणी दुसऱ्याचा हात आणून आपल्या खांद्याला लावावा तसा. या हातानं आजवर कधी त्याला विचारून काही केलं नव्हतं आणि तशी गरजही पडली नव्हती.

तांड्यापर्यंतचे चार किलोमीटर तो बॅग छातीशी धरून चालला. वाटेत खोटं तयार केलं. काट्याच्या खिळ्याला अटकली, असं सांगायचं. उज्ज्वला दारातच बसली होती. तिनं बॅग घेतली, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि जिथून फाटायला सुरुवात झाली होती तिथं, त्या गोल भोकावर, बोट थांबलं. लहानपणी शाळेच्या पिशव्या ती बानं आणलेल्या जुन्या पोत्यांच्या बारदान्याच्या शिवी. ते गोल भोक तिच्या ओळखीचं होतं.

खोटं देवसिंगच्या तोंडातून निघालंच नाही. त्यानं कमरेचा हूक काढून तिच्यापुढं जमिनीवर ठेवला.

मानीबाई बाहेर आली, तिनं बॅग पाहिली, हूक पाहिला. "हात काहून आणला घरी? तोही तिथंच ठेवून यायचा होता."

उज्ज्वला रडली असती, भांडली असती, तर देवसिंगला सोसलं असतं. ती आत गेली आणि दाभण व नायलॉनचा दोरा घेऊन आली. "गाडी पाचची हाय, बा. तीन वाजले."

देवसिंगनं पाठीवर टाकायचा आपला कॅनव्हास आणला. पोत्यांच्या घासण्यानं मऊ झालेला, पण विणीचा पक्का. त्यातून हातभर तुकडा कापला. मानीबाईनं पाकिटं बाहेर काढून भिंतीशी रचली, बॅग ताणून धरली. देवसिंगनं ठिगळ आतून लावलं, पुन्हा बाहेरून लावलं, चौकोन शिवला, चौकोनात फुली शिवली. अतुलच्या दुकानात पाहिली होती तशी. मग पाय देऊन ओढलं. आवाज आला नाही. पाकिटं पुन्हा आत गेली. त्या पाकिटांकडं कोणी नीट पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला यवतमाळच्या दारव्हा रोडवरून चौऱ्याहत्तर मुलं-मुली पाठीवर ओझं घेऊन निघाली. कुठंही न पोचवायचं ओझं. देवसिंग मफलर गुंडाळून काट्यापाशी उभा राहिला. काटा सांभाळणारी प्रेरणा नावाची मुलगी होती, अकॅडमीची शिक्षिका. ठिगळ लावलेली बॅग तिनं निघताना मोजली होती. बारा सहाशे.

सव्वादहाला पहिली मुलगी आली. मग दुसरी. मग तिसरी आणि चौथी, जवळजवळ एकत्र. देवसिंग रस्त्याकडं चालू लागला, उभं राहवेना.

वळणावर उज्ज्वला दिसली. चालणं बरोबर होतं, पाय पडत होते, ठिगळ जागच्या जागी होतं. तिच्या मागं चाळीस-पन्नास पावलांवर सहावी मुलगी होती. देवसिंगनं श्वास सोडला. मग त्याचं लक्ष तिच्या काळ्या पॅन्टकडं गेलं. कमरेपासून बुटापर्यंत एक राखाडी रेघ होती. ती त्याच्या समोरून गेली आणि डांबरावर काहीतरी बारीक पडत गेलं.

तो खाली बसला. बोटाला लावून पाहिलं.

रेती होती.

पोत्यात हूक टाकला की तो तागाशी थांबत नाही, आत दाण्यांत जातो, हे जगात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि काल त्यानं फक्त कापड शिवलं होतं. फुटकं पाकीट टेपखाली दबून गप्प राहिलं असणार, चालताना हिसके बसले आणि सुटलं. थर्माकोलच्या बाजूनं उतरून त्या पितळी कडीच्या भोकातून, ज्याला तो हसला होता, पोरीचं वजन वीस किलोमीटर सांडत आलं होतं.

तो रेषेच्या मागं मागं चालत काट्यापाशी पोचला.

उज्ज्वलानं बॅग काट्यावर ठेवली. बुडातून रेतीची बारीक धार अजून येत होती. प्रेरणानं आकडा वाचला, "तेरा किलो शंभर."

"पुन्हा टाका," देवसिंग म्हणाला.

"काका, जास्त आहे. कमी नाही."

"तरी पुन्हा टाका. काटा चुकून राह्यला."

तिनं पुन्हा टाकली. तेरा शंभर. देवसिंगनं लेकीकडं पाहिलं. ती वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून दम खात होती. तिनं बॅगेची चेन उघडली. वरच, खांद्याच्या हाडापाशी येतील असे, ओल्या मातीसकट दोन काळे दगड होते.

"कुठं समजलं तुले?"

"बाराव्या किलोमीटरले. पाठ हलकी लागली. आधी वाटलं, आज आपण लय दमात हावो. मंग वाटलं, हलकं काहून लागते? हात मागं नेला तं रेती."

"पाकीट काहून नाही बांधलं?"

"बांधत बसली असती तं अजून दोघी गेल्या असत्या. दोघी तं गेल्याच. तिसरी होती मी." तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, पुसली. "गळू दे म्हटलं. दगड तं गळत नाही ना."

"आन् वजन? अंदाज कसा केला?"

"हातानं. कमी नको म्हणून दुसरा टाकला." ती पहिल्यांदा थोडी हसली. "अकराशे ग्रॅम चुकलं. तू असता तं चुकला नसता."

सहावी मुलगी येऊन काट्यापाशी उभी राहिली. प्रेरणानं यादीवर पाचव्या ओळीत 'आडे, उज्ज्वला देवसिंग' असं लिहिलं आणि ठिगळावरून बोट फिरवत विचारलं, "ही शिवण कुणाची?"

"यांचीच," उज्ज्वला म्हणाली. "फाडलीबी यांनीच."

प्रेरणाला ते कळलं नाही आणि कोणी समजावलं नाही. मागून मुलं येत होती, काट्यावरची जागा मोकळी करायची होती.

"काका, बॅग तेवढी बाजूला घ्या."

देवसिंगचा उजवा हात खाली गेला, मनगट फिरलं आणि मध्येच थांबलं. हात रिकामा होता. हूक काल दुपारपासून दाराशीच पडून होता.

"बा," उज्ज्वला मागून म्हणाली, "वरती हँडल हाय."

त्यानं हँडल शोधलं, मुठीत धरलं आणि तेरा किलो शंभर ग्रॅम, दगडांसकट, सावकाश उचलले.