पुंजाजी मिस्तरीचा हात

पुंजाजी तायडे शर्टाची बटणं स्वतः लावत नाहीत, हे त्यांच्या बायकोशिवाय, केशरबाईंशिवाय, कोणालाही माहीत नव्हतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायच्या पहाटे ते बटणाशी झटत बसले आणि शेवटी चिडून म्हणाले, "या शर्टाची काजं लहान झाली काय वं?" केशरबाईंनी पुढे होऊन बटणं लावून दिली. मग त्या रोजच लावू लागल्या. शर्ट बदलला तरी काजं लहानच राहिली.  त्या घरात दुखणं तोंडानं बोलेपर्यंत दुखणं नसायचं.

पुंजाजी एकोणसाठ वर्षांचे. अमरावतीला राजापेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं टिनाच्या शेडचं गॅरेज आणि त्याच्याच पाठीला लागून घर. गाडीची सगळी कामं ते करत, पण नाव झालं ते सायलेन्सरच्या कामात. इंजिनातला धूर जिथून पाइपात शिरतो तो जोड तीन बोल्टांवर असतो. इंजिन तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं, आणि सगळा ताण त्या तीन बोल्टांवर येतो. ढिले राहिले तर धूर फटीतून बाहेर पडतो आणि काचा बंद असल्या की गाडीत साचतो; त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो. जास्त आवळले तर लोखंड ताणलं जातं आणि पुढं कधीतरी, रस्त्यात, तुटतं. या दोहोंच्या मधला जोर लागतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो काट्याच्या पान्यावर मोजतात. पान्याला तबकडी असते, जोर किती लागला ते काटा सांगतो. पुंजाजी तो हातानं ओळखत. ज्या उस्तादाकडे ते शिकले, तो शिष्यांना डोळे मिटून आवळायला लावायचा. बरोबर जोर आला की बोल्ट तळहाताला उलट उत्तर देतो, असं तो सांगे, आणि पुंजाजींना ते उत्तर पंधराव्या वर्षापासून येत होतं.

त्यांची एक रीत होती. काम झाल्यावर गाडी दोन दिवस चालवायची आणि परत आणायची. जोडात घातलेली धूर अडवणारी नवी चकती, म्हणजे गॅस्केट, तोवर तापून दबलेलं असे. मग गाडी थंड झाल्यावर ते तीनही बोल्ट पुन्हा जरासे आवळत. याला गिऱ्हाइकं 'दुसरा हात' म्हणत. "पुंजाजीचा दुसरा हात लागला का?" असं जुनी गाडी विकत घेणारेसुद्धा विचारायचे.

दोन गल्ल्या सोडून ओमप्रकाशचं सुट्या भागांचं दुकान. त्या दोघांचं वीस वर्षं चालत आलेलं भांडण होतं.

"पुंजाभाऊ, काट्याचा पाना आला हाय नवा. घेऊन जा, शोभेले तरी ठेवा."

"त्या काट्याले शिकवलं कोणं? मायासारख्याच कोण्या मिस्तरीनं नं?"

"पण काटा बुढा नाही होत, भाऊ."

"तूच झाला बुढा. कालचा डबा आज तीनदा शोधून राहिला."

दुकानात बसलेले हसायचे आणि पाना पुन्हा खोक्यात जायचा.

दसऱ्याच्या आधीपासून बोटांना मुंग्या येत होत्या. पुढं मुंग्याही येईनाशा झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की साखर फार दिवस वाढलेली आहे, उजव्या हाताच्या नसा गेल्यासारख्याच आहेत. घरी येऊन पुंजाजींनी एवढंच सांगितलं, "भात कमी खा म्हणे." गॅरेजमध्ये मात्र त्यांनी स्वतःपुरती एक तोड काढली. हाताला उत्तर येत नसेल तर अजून थोडं आवळायचं. ढिलं राहून धूर सुटण्यापेक्षा घट्ट बरं. आणि दुसऱ्या हाताला त्याहून थोडं जास्त.

मुलगा सुगत अकोल्याला सरकारी कचेरीत. बायको पायल आणि चार वर्षांची पौर्णिमा, म्हणजे पुनी. मागच्या वर्षी त्यानं जुनी गाडी घेतली होती. जानेवारीत चार दिवसांच्या सुट्टीवर आले तेव्हा गाडी फुरफुरत होती. पुंजाजींनी गॅस्केट बदललं, ओमप्रकाशकडून तीन नवे बोल्ट आणले. केशरबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा ते गाडीखाली उताणे पडून पाना ओढत होते. दंड थरथरत होता, आणि ते ओढतच होते. पूर्वी हे काम ते कसं करत, केशरबाईंनी हजारदा पाहिलं होतं. पान्याला हलका झोका देत, आणि एका जागी थांबत. आता थांबायची जागा त्यांना सापडत नव्हती.

गाडी दुसरीकडं दाखवा, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण पुंजाजीच्या पोराची गाडी दुसऱ्या गॅरेजात दिसली असती तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं. त्यांनी चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि भाकरी टाकायला गेल्या.

रविवारी निघायच्या दिवशी सकाळी पुंजाजींनी दुसरा हातही लावला. दुपारी चारला गाडी दारात उभी राहिली. केशरबाईंनी तुरीच्या शेंगांची पिशवी मागं ठेवली, पुढच्या सीटवर पायलच्या मांडीत बसलेल्या पुनीला शाल गुंडाळली.

"काचा वर कर वं पायल. लय गारठा सुटला. पोट्टीले सर्दी होईन."

"हो आत्याबाई, हीटर लावते."

पुंजाजींनी इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. आवाज स्वच्छ होता.

साडेपाचला पायलचा फोन आला. केशरबाईंना आधी नुसतं रडणंच ऐकू आलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे पुनीला दोनदा उलटी झाली, मग ती झोपली आणि हलवली तरी उठेना. सुगतचं डोकं फुटायला आलं होतं, त्याला रस्ता दोन-दोन दिसत होता. त्यानं गाडी कशीबशी बाजूला घेतली, दारं उघडली. एका ऑटोवाल्यानं दवाखान्यात पोचवलं. पुनीला ऑक्सिजन लावला होता.

"गाडीत धूर येत होता म्हणतात डॉक्टर. आम्हाले वासही नाही आला, आत्याबाई. मी समजली झोपली पोरगी. मी तिले थोपटत होती..."

फोन मोठ्या आवाजावर होता. पुंजाजी जवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कोणता बोल्ट गेला?"

केशरबाईंनी फोनवर हात ठेवला. "अजी, पोट्टी कशी हाय ते तं इचारा आधी!"

पुंजाजी तिथल्या पायरीवर बसले.

पुनी रात्रभर दवाखान्यात राहिली आणि सकाळी दूध मागू लागली. पोर वाचली. तिसऱ्या दिवशी सुगत एसटीनं अमरावतीला आला तो खिशात तुटका बोल्ट घेऊनच. मूर्तिजापूरच्या मिस्तरीनं काढून दिला होता. दोन तुटले होते, हा त्यातला एक.

"डुप्लिकेट माल हाय हा, बाबा. ओमप्रकाश काकानं घरच्या माणसाले डुप्लिकेट देला. चाला, आज त्याची सगळ्या बजारात इज्जत काढतो."

पुंजाजींनी बोल्ट उजेडाकडं धरला. तुटला होता तिथं लोखंड बारीक झालं होतं, गुळाचा पाक दोन बोटांत ओढावा तसं. खराब बोल्ट असा तुटत नाही, तो कडकन सरळ तुटतो. हा ताणून ताणून तुटला होता. सुगतला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. पुंजाजींनी बोल्ट त्याला परत दिला. मुलगा पुढं निघाला तसे ते मागं चालू लागले. केशरबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, पायात चपला सरकवल्या आणि त्याही निघाल्या.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सुगतनं बोल्ट काउंटरवर आपटला. "हे पाहा काका! माई पोरगी मेली असती. लोकाइचे जीव घेता काय तुम्ही?"

"अरे, आधी बस तं खरा. जय भीम नाही, राम राम नाही..." ओमप्रकाशनं चष्मा चढवून बोल्ट हातात घेतला, फिरवला, आणि फिरवता फिरवता थांबला. मग त्यानं पुंजाजींकडं पाहिलं. पुंजाजींनी नजर खाली घातली.

ओमप्रकाशनं बोल्ट हळूच ठेवून दिला. "असंन बापा. एखादा निघते खराब. मी कळवतो कंपनीले."

"कळवतो म्हणजे? मी तक्रार करतो तुमच्या नावानं! तुमच्या दुकानातून एक नट कोणी घेणार नाही असं करतो!"

"कर," ओमप्रकाश म्हणाला. बाकीच्या गिऱ्हाइकांपैकी एकानं हातातलं सामान गुपचूप काउंटरवर परत ठेवलं.

केशरबाईंना वाटलं, आता हे असंच जाईल. ओमप्रकाश गप्प राहील, हेही गप्प राहतील, आणि उद्या शेड पुन्हा उघडेल. त्यांना ते नको होतं, आणि खरं सांगायचं तर हवंही होतं.

"ओमप्रकाश," पुंजाजी म्हणाले, "तो काट्याचा पाना काढ."

"राहू द्या नं भाऊ."

"काढ म्हणतो नं."

काउंटरच्या टोकाला लोखंडी शिकंजा होता. त्यात पट्टी धरून पुंजाजींनी तसलाच नवा बोल्ट बसवला, नट चढवला. "चाळिसावर काटा आला पाहिजे. मी पाहत नाही. बरोबर झालं वाटलं का मी बस म्हणीन. मंग तू आकडा सांगजो."

त्यांनी डोळे मिटले आणि ओढायला लागले.  "बस."

ओमप्रकाश वाकून काटा पाहू लागला.

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

पुंजाजींनी नट सोडवला, बोल्ट बदलला, पुन्हा ओढलं. ब्याण्णव. तिसऱ्यांदा एकावन्न. चौथ्यांदा त्यांनी पाना उचलला तेव्हा ओमप्रकाशनं काउंटरवरून वाकून त्यांचं मनगट धरलं.

"सुगत," पुंजाजी म्हणाले, "बोल्ट चांगला होता."

सुगतनं एकदा काट्याकडं, एकदा बापाच्या हाताकडं पाहिलं. "कव्हापासून हाय हे?"

"दसऱ्यापासून," केशरबाईंच्या तोंडून निघून गेलं.

तो आईकडं वळला. "तुले मालूम होतं?" त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "तुले मालूम होतं, अन् तू पुनीले शाल गुंडाळून त्या गाडीत बसवलं? काचा वर करा म्हणे."

  सुगत घरी न येता तिथूनच स्टँडवर गेला.

त्या दुपारी पुंजाजी ओसरीत बसून आठवू लागले. कामाची नोंद त्यांनी कधी ठेवली नव्हती, पण गाडी न् गाडी लक्षात होती. दसऱ्यापासून त्यांच्या हाताखालून सायलेन्सरच्या अकरा गाड्या गेल्या होत्या, सुगतची सोडून. केशरबाई नंबर लावायच्या आणि फोन त्यांच्या कानाशी धरायच्या.

"मी पुंजाजी बोलतो. तुमची गाडी चालवू नोका. दुसऱ्या मिस्तरीकडून सायलेन्सरचे बोल्ट बदलून घ्या."

"काहून काका? काय झालं?" हा मनोज, त्याची टॅक्सी होती.

"मायाकडून जास्त आवळल्या गेले."

"तुमच्याकडून? मजाक करून राहिले काय, काका?"

पटवायला प्रत्येकाला दोन-तीनदा सांगावं लागलं. एकानं शिव्या दिल्या. एक बाई म्हणाली, माझे मिस्टर गेल्या महिन्यापासून डोकं दुखतं म्हणत होते, मी म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला. चार दिवसांत दहा गाड्या दुसऱ्या गॅरेजांतून दुरुस्त होऊन आल्या. त्यातल्या तिघांचे बोल्ट तुटायच्या बेतात होते, असं दुसऱ्या मिस्तऱ्यांनी सांगितलं. सांगताना त्यांनी पुंजाजींना 'मिस्तरी' न म्हणता पहिल्यांदाच 'काकाजी' म्हटलं.

अकरावी गाडी कुंदन नावाच्या एका मास्तराची. पांढरी. "ते तं म्या विकली नं काका, संक्रांतीच्या आधी." दलालाला विकली होती. पुंजाजी दलालाकडं गेले. दलालानं पुढं एका जोडप्याला दिली होती, इथलंच होतं, दोन लहान लेकरं होती सोबत. कागद अजून नावावर झाले नव्हते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. "तुमचं नाव सांगूनच खपवली, मिस्तरी," दलाल म्हणाला. "दुसरा हात लागलेला हाय म्हटलं, लगेच तयार झाले."

शेडला कुलूप लागलं. गल्लीत केशरबाई सांगत, साखर आहे म्हणून काम बंद केलं. सुगत आठवड्यातून एकदा फोन करतो, जेवले का विचारतो, आणि ठेवतो. पायल पुनीला बोलायला देते, पण स्वतः बोलत नाही. ते अमरावतीला आलेले नाहीत.

संध्याकाळी पुंजाजी बाहेर पडतात. फिरायला जातात असं केशरबाई समजून होत्या. मग एकदा भाजी घ्यायला गेल्या तर राजापेठच्या चौकात, सिग्नलला गाड्या थांबतात तिथं, दुभाजकाला टेकून ते उभे दिसले. क्लासेस सुटले होते. पोरांच्या स्कूटरांच्या गर्दीत एकेक मोटार येऊन थांबली की ते तिच्याकडं झुकत, कान लावत. फाटलेल्या जोडाचा आवाज त्यांना अजून ओळखता येतो. हेडलाइटच्या झगमगाटात नंबराची पाटी दिसत नसे, म्हणून गाडी पांढरी असली तर काचेवर टकटक करत. आत माणसं बहुतेक वेळा मान हलवत, भिकारी समजून.

केशरबाई रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. भाजीची पिशवी त्यांनी खाली ठेवली.

"घरी चाला आता."

"थांब." लाल दिव्याशी एक पांढरी गाडी आली. मागच्या सीटवर दोन लहान पोरं झोपली होती. काचा वर होत्या. पुंजाजी जवळजवळ बॉनेटवर वाकले. आतल्या बाईनं दचकून नवऱ्याच्या दंडाला हात लावला. 

हिरवा लागला. गाडी पुढं गेली.

"हे नाही," ते म्हणाले, आणि मागच्या गाडीकडं वळले.