बालवाडीत आलेला खरा बैल

आमच्या घरी गेली बारा वर्षं पोळ्याला ट्रॅक्टरची पूजा होते. वडिलांनी शेवटची बैलजोडी विकली, तेव्हापासून बोनेटला हळदकुंकू लागतं, समोर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला जातो आणि थोड्या वेळाने ती पोळी मी खातो. (ट्रॅक्टरने आजवर तक्रार केलेली नाही.) कोल्हारला आमचा ऊस आहे, गोठ्यात चार जर्सी गाई आहेत, बैल मात्र औषधालाही नाही.

तरीही बालवाडीच्या पालकसभेत मी उभा राहून म्हणालो, "खरा बैल ना? आमचा आणतो की!"

याला कारण माझी साडेचार वर्षांची ओवी. तिच्या बालवाडीत दर महिन्याला एक पालक येऊन आपलं काम दाखवतो. शौर्यच्या पप्पांनी मुलांचे दात तपासले, अनन्याच्या मम्मीने केक करून दाखवला. केकच्या दिवशी ओवीने घरी येऊन मला विचारलं, "पप्पा, तुमी काय करता?"

"शेती."

"मग ती बालवाडीत कधी आननार?"

मला खरंच वाईट वाटलं. एकरभर ऊस उचलून नेता येत नाही, आणि नेला तरी टीचर त्याला बसवणार कुठे? त्यामुळे सभेत रोहिणी टीचर म्हणाल्या, "पोळ्याला मातीचे बैल करू, पण एखादा खरा आला तर मुलांना मजा येईल," तेव्हा मी मागचापुढचा विचार केला नाही. ओवी शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे अशा काही अभिमानाने पाहिलं, की आता बैल आणणं किंवा गाव सोडणं, एवढे दोनच मार्ग उरले.

चुलतभाऊ बाळूदादाकडे खिलारी जोडी आहे. त्याच्याकडे गेलो.

"दादा, पोळ्याला एक बैल दे की तासाभरासाठी."

"पोळ्याच्या दिवशी बैल मागतो व्हय? उद्या मांडवातला नवरदेव मागशील, तासाभरासाठी!"

गावात आणखी तीन-चार ठिकाणी याच अर्थाची, पण याहून कमी सभ्य उत्तरं मिळाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात उभा राहून गंगीकडे पाहू लागलो. चार गाईंत शिंगं फक्त तिलाच. तांबडी, अंगाने भरलेली, स्वभावाने गरीब.

"आवो, काय बगताय तिच्याकडं?" बायकोने, सुरेखाने विचारलं.

"शिंगांना हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, बाशिंग बांधलं, तर कोण ओळखेल?"

"आन् कासेचं काय करनार? हंड्यायेवढी हाय ती."

"लांब झूल घालू."

"लोक शेतकरी हायेत इथले, आंधळे न्हाईत."

"कार्यक्रम चारला, धार पाचला. तासात उरकून परत येतो."

सुरेखाने कपाळाला हात लावला, पण झूल तिनेच शिवली. जुन्या सतरंजीला लाल काठ लावला, पार गुडघ्याखाली आली. ओवीला मी बजावलं, "तू गॅदरिंगला वाघ झाली होतीस ना? तशी गंगी उद्या बैल होणार. कुणाला सांगायचं नाही." तिला ते लगेच पटलं. (मोठ्या माणसांना पटायला वेळ लागतो, म्हणून त्यांना सांगितलंच नाही.)

दुसऱ्या दिवशी फेटा बांधून, नवे पांढरे कपडे घालून मी गंगीला टेम्पोतून बालवाडीच्या अंगणात उतरवलं. पालक कौतुकाने पुढे आले. "मारका आहे, लांब राहा," मी दरडावलं. तेवढ्यात गंगीने अनन्याचा गाल चाटला.

पूजेसाठी प्रमुख पाहुणे यायचे होते. चारचे पाच झाले. पाच वाजता गंगीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

सव्वापाचला पाहुणे आले आणि लाइट गेली. स्पीकर बंद पडला. "काळजी करू नका, जनरेटर आहे," टीचर म्हणाल्या.

आता आमच्या गोठ्यात धार मशीनने काढतात. मशीनच्या मोटरचा आवाज कानावर पडला, की गाई पान्हा सोडतात. वर्षानुवर्षांची सवय. भिंतीपलीकडे जनरेटर घुर्रर्र करून सुरू झाला आणि गंगीने समाधानाने डोळे अर्धवट मिटले. मी झूल आणखी खाली ओढली.

झुलीखाली एक थेंब पडला. मग दोन. मग चारी सडांतून दूध गळू लागलं.

"टीचर, बैल शू करतोय!" शौर्य ओरडला.

"असू दे बाळा, जनावर आहे."

"पन पांढरी हाय, टीचर," दुसऱ्या एका पोराने सांगितलं.

पंचवीस मुलं खाली वाकली. पालक वाकले. पूजेचं ताट सांभाळत पाहुणेही वाकले. ओवीला हा अपमान सहन झाला नाही. "शू न्हाई ती! दूध हाय. माझे पप्पा काढत्यात."

"बैलाचं?" पाहुण्यांनी मला विचारलं.

"संकरित आहे," मी म्हणालो.

यापुढे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पान्हा सोडलेली गाय तशीच ठेवली तर कास दुखते. बालवाडीच्या मावशींनी बादली आणून दिली. भर अंगणात, फेट्यासकट मी उकिडवा बसलो आणि बाशिंग बांधलेल्या गंगीची हाताने धार काढली. पालक रुमालात तोंड खुपसून हसत होते. मुलं मात्र मातीचे बैल टाकून बादलीभोवती जमली आणि प्रत्येक धारेला टाळ्या वाजवू लागली. ओवी एकेकाचा हात धरून सांगत होती, "हे माझे पप्पा." लाजेने मान वर होत नव्हती, पण खोटं कशाला बोलू, आतून फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी टीचरचा फोन आला. मुलांनी पोळ्याची चित्रं काढली होती आणि पंचवीसच्या पंचवीस बैलांना चार-चार सड होते. "हे आता त्यांच्या डोक्यातून काढायला तुम्हीच या," त्या म्हणाल्या.

ओवीचं चित्र त्यांनी दारातच लावलंय. रंगवलेल्या शिंगांचा बैल, त्याच्याखाली बादली आणि फेटेवाला माणूस. खाली टीचरच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'माझे पप्पा शेतकरी आहेत.' आमच्या भागात ऊस लावणारे शेतकरी ढिगाने सापडतील. बैलाची धार काढणारा मी एकटाच.