लिंबू आणि बिनकवचाचं अंडं

सातपूरच्या कोंबडीखाद्यवाल्याने मला फसवलं. शिंपल्यांचा चुरा म्हणून त्याने मला पांढऱ्या गारगोटीचा चुरा विकला. दहा कोंबड्यांवरून दोनशेंवर मी कुणाच्या मेहरबानीने पोचले नाही. त्याच माझ्या कोंबड्या महिनाभरात कवच नसलेली, नुसत्या पातळ पापुद्र्याची लिबलिबीत अंडी घालू लागल्या. एक अंडं वाटीत घालून मी दुकानात नेलं.

"काय ताई, बेडूक पाळलेत की काय?" गिऱ्हाइकांकडे बघत तो हसला.

"बेडकी पाण्यात अंडी घालते, तिला कवच लागत नाही. माझी कोंबडी कोरड्यावर घालते. तिला कवचासाठी चुना लागतो. तो तुझ्या पोत्यात आहे का, बघू!"

घरून आणलेल्या खऱ्या शिंपल्यांच्या चुऱ्यावर मी लिंबू पिळलं. तो फसफसला; चुना असला की लिंबाने फसफसतोच. मग त्याच्या पोत्यातल्या चुऱ्यावर पिळलं. एकही बुडबुडा आला नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाने हातातलं पोतं तिथंच खाली ठेवलं.

दुसरीकडून आणलेला खरा चुरा घातल्यापासून माझी अंडी ओट्यावर टकटक वाजतात. तो मात्र अजून म्हणतो, "माल वरूनच तसा आला." मग वरचा कोण, ते त्याने भर दुकानात, माझ्यासमोर सांगावं.