टपालमावशीची तिसरी खेप

कस्टमच्या कचेरीत तिला सगळे टपालमावशी म्हणत. कामच तसं होतं. बंदरातला माल लोकांना सोडवून देणाऱ्या परवानाधारक एजंटांपैकी कुणावर आरोप ठेवले, की त्याची नोटीस नेऊन द्यायची आणि सही घेऊन पोच आणायची. एकवीस वर्षं हेच केलं. तिला दारात पाहून कुणाच्या तोंडावर हसू आलं, असं कधी झालं नाही.

यावेळचा एजंट साठीचा होता. ज्याचा माल सोडवला त्या व्यापाऱ्याचा पत्ता खोटा निघाला आणि एजंटानं तो तपासलाच नाही, असा आरोप. मावशी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा कुलूप.

"आता दाराला चिकटवा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. "नियमात बसतं."

नियमात बसत होतं, मावशीच्या मनात बसत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तिनं अशीच एक नोटीस दाराला चिकटवली होती. तो माणूस तेव्हा इस्पितळात पडून होता. उत्तराचे तीस दिवस उलटले, परवाना गेला, त्याची बाजू कुणी ऐकलीच नाही. त्याच रात्री तिनं देवासमोर हात जोडून ठरवलं, ज्याचा कागद त्याच्याच हातात.

"साहेब, उद्याचा एक दिवस द्या."

"मावशी, पायांना वेगळी पेन्शन मिळणारे का?" शिपायानं टोला हाणला.

"तुझ्या जिभेला मिळत असेल तर माझ्या पायांना का नको?"

दुसऱ्या दिवशी एजंटाच्या शेजारची झेरॉक्सवाली तिला बघून हसली. "समोरून काय सापडतोय! एक वाजता तुमची माणसं जेवायला बसली, की मागच्या जिन्यानं येतो."

मावशी डबा न उघडताच मागच्या जिन्यात जाऊन बसली. तोंडानं नामस्मरण, मांडीवर नोटीस. एक वाजून गेला आणि खाली चपला वाजल्या. तिला पाहताच एजंट माघारी वळला.

"दादा, पळू नका. माझे गुडघे गेलेत, तुमचेही काही धड दिसत नाहीत."

तो थांबला. "मी घेणार नाही. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला. मुलगी म्हणते, घेतलीच नाही तर प्रकरण विरून जाईल."

"विरत नाही हो. उद्या दाराला लागेल, आणि तुम्ही गप्प असताना तुमचे तीस दिवस सरतील. सही कबुलीची नसते, कागद मिळाल्याची असते. आरोप मान्य नाहीत, असं लिहा ना वर."

"असं लिहिता येतं?"

"का नाही? पेन माझं, हात तुमचा."

तो तिथंच पायरीवर बसला. चष्मा पुसून नोटीस शेवटपर्यंत वाचली. "पत्ता तपासला होता मी," तो हळूच म्हणाला. "रजिस्टर पत्र पाठवलं होतं. त्याची पावती असेल कुठेतरी."

"मला सांगून काय उपयोग? चौकशीत दाखवा."

साहेबांनी पोच वाचली. ‘नोटीस मिळाली. आरोप मान्य नाहीत.’ त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे त्याला कुणी शिकवलं?"

"मी," मावशी म्हणाली आणि नजर न हटवता उभी राहिली.

साहेब पोच फाईलला लावत कारकुनाला म्हणाले, "उत्तराची तारीख लिहून ठेवा."

बाविसाव्या दिवशी एजंटाचं उत्तर आलं, पावतीसकट.