झुंबरबाईची तार

आमच्या गावात नवरीपेक्षा जास्त वेळ नटायला कोण लावतं, तर बटण दाबायला निघालेली झुंबरबाई. खोटं वाटत असेल तर बेडशाच्या लेण्यांखाली येऊन कुणालाही विचारा. चैत्रात जत्रा आली की नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आणि काम काय? घरातल्या भिंतीवरचं काळं गोल बटण खाली करायचं.

पण ते बटण साधं नव्हे. गावात वीज आली तेव्हा पहिला खांब तिच्या सासऱ्यांच्या दारात उभा राहिला. त्यांनी घरातून एक तार शेजारच्या वाघजाईच्या देवळात नेली आणि गाभाऱ्यात दिवा लावला. तेव्हापासून जत्रेच्या संध्याकाळी देवीचा दिवा याच घरातून लागायचा, असा मान पडला. पुढे देवळाला स्वतःचं मीटर आलं, मंडपात पंखे आले, तरी जत्रेतला गाभाऱ्याचा दिवा झुंबरबाईचाच. बटणाला हळदकुंकू, समोर नारळ, दारात हलगी. भावकीतला बजरंग दरवर्षी पुटपुटायचा, "आमच्या घरात काय बटनं न्हाईत?" पण पुटपुटायचा लांबून.

दिवा लागला की खरी गंमत सुरू व्हायची. गाभाऱ्याच्या दारातली घंटा झिणझिणायची. वर्षभर ती नुसतं पितळ. जत्रेत मात्र हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या. देवी जत्रेला जागी होते, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. आया तान्ह्या पोरांचे हात धरून घंटेला लावायच्या. माझा गुडघा त्या झिणझिणीवर पुढचा पावसाळा काढायचा, हे मी शपथेवर सांगतो.

यंदा झुंबरबाईची सून सारिका हट्टाला पेटली. ती तळेगावला कारखान्यात जाते, रोज चांगली घरं बघत येते. इथे घरी मातीच्या भिंतींना पोट आलेलं आणि पावसात बटणाला हात लावायची भीती. "आत्या, आता दुरुस्ती करायचीच," म्हणाली आणि वडगावहून आकाश वायरमनला घेऊन आली. आकाश म्हणजे तोंडानं वाजणारा रेडिओ. त्यानं भिंतीवरची जुनी लाकडी पट्टी उचकटली, तर तारेवरचं रबर शेवेसारखं कुरकुरत खाली पडलं. फ्यूजच्या जागी कुणीतरी चक्क खिळा अडकवलेला.

"मावशी, हे घर आजपर्यंत जळलं कसं नाही?"

"देवी हाय नव्हं," झुंबरबाई म्हणाली. "सगळं बदल बाबा. देवीच्या तारंला तेवढा हात लावू नगंस."

आकाशनं हात लावला नाही, टेस्टर लावला. ती तार देवळात शिरून घंटेच्या लोखंडी दांडीवरून गेली होती आणि नेमकी तिथेच उघडी पडली होती. तो देवळातून मोबाइलवर ओरडत होता, "बटण खाली करा! आता वर! परत खाली!" मग म्हणाला, "मावशींना इकडे पाठवा."

झुंबरबाई स्वतः आली. मी पायरीवरच होतो. गावात काही उकललं जात असलं की मी जवळपास असतोच. आकाशनं तिला रबरी चप्पल घालायला लावली, हातात टेस्टर दिला आणि टोक घंटेला टेकवायला सांगितलं. घरात सारिका बटण खालीवर करत होती. टेस्टरमधला लाल ठिपका लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. झुंबरबाई देवीकडे बघायची, मग ठिपक्याकडे.

"मंजी ही झिनझिन... आमचीच?"

"तुमचीच. धुतलेली फरशी, अनवाणी पाय, त्यात तान्हं पोर. एखाद्या वर्षी ही घंटा सोडणार नाही मावशी. धरून ठेवील."

तिनं टेस्टर आकाशच्या हातात परत दिला. मोबाइलवर सगळं ऐकून सारिका धावत आली. "आत्या, गुपचूप तोडू. कुणाला कळतंय?"

"घंटंची झिनझिन गेली की कळंल. झुंबरीनं घर उकललं आनि देवी निघून गेली, म्हनतील."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर मान गेला. सासऱ्यांचं नाव गेलं."

जत्रेची संध्याकाळ झाली. हलगी वाजत दारात आली. घर अर्धं उघडं, नव्या विटांचा ढीग, आणि त्यात नथ घालून झुंबरबाई. मेन बंद केलेला होता. तिनं बटणाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बटण दाबायच्या ऐवजी पक्कड उचलली.

"आयका. घंटंतली झिनझिन देवीची न्हवती. माजी तार गळत होती. आजपासून बंद." आणि कटकन तार कापली.

हलगी थांबली. बजरंगला कंठ फुटला. "मंजी इतकी वर्सं आमी तुज्या वायरीच्या पाया पडलो व्हय गं?"

"व्हय. आनि तू तर दोन्ही हातांनी धरायचास."

हसू फुटलं, पण लगेच विरलं. तिनं समई पेटवली, पदराआड धरली आणि देवळाकडे चालू लागली. आम्ही मागोमाग.

गाभाऱ्यात समई ठेवली आणि मी मान पुढे काढून पाहिलं. बल्बच्या उजेडात देवी म्हणजे शेंदराचा एक सपाट ठोकळा दिसायचा. आता ज्योत हलली की तिचे चांदीचे डोळे हलत होते, भिंतीवर सावली श्वास घेत होती. एवढी जत्रा, पण बाहेर पाळणेवाल्याचा भोंगा तेवढा ऐकू येत होता.

घंटेला कुणी हात लावेना. झुंबरबाईनं लावला. टोल घुमला आणि हळूहळू डोंगराच्या बाजूला गेला. मग बजरंग पुढे झाला. एक हात लावला, तसाच थांबला आणि सदऱ्याची बाही वर करून मला दाखवली. हातावरचे केस ताठ उभे.

"तार कापली ना?" त्यानं हळूच विचारलं.

"तुज्यासमोर कापली," झुंबरबाई म्हणाली.

तरी तो बाहेर गेला. झुंबरबाईच्या भिंतीवर लोंबणारं तारेचं तुटकं टोक त्यानं मोबाइलच्या उजेडात नीट पाहिलं. परत आला आणि घंटा दोन्ही हातांनी धरली.