टेकडीखालचा बंद डोह

बल्लारपूरला आगगाडी सोडून बंडीत (बैलगाडीत) बसलो आणि तासाभरात कंबरेचे टाके ढिले झाले. वर्धा नदीकाठची ती टेकडी बघायचा हट्ट माझाच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

टेकडीवर जुना बुरूज आहे. निजामाशी तंटा चालला होता तेव्हा पलटणीनं तिथं दगडी मोर्चे बांधले, कारण खालची नदी ओलांडायची वाट तिथून सगळी दिसते. आता मोर्च्यांत शेळ्यांच्या लेंड्या. पैलतीरही आपलाच झालाय, पहारा कसला डोंबलाचा!

खाली डोहाच्या काठावर मात्र एक खांब उभा होता आणि त्याला कोरं लाल फडकं. जवळच जाळं सांधत बसलेल्या कवडूभाऊ ढिवरांना विचारलं, हे काय?

"पलटनीच्या सायबानं गाडला. डोह बंद केला."

"पलटण जाऊन वर्षं लोटली की!"

"गेली. पन खांब काढून नाई गेली."

मग उलगडा झाला. मासे विणीला येतात तेव्हा इथले ढीवर (मासेमार) काठावर पळसाचा खुंट गाडून मासेमारीला डोह बंद ठेवतात. ज्यानं गाडला त्यानंच तो उपटायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. साहेबाच्या खांबालाही त्यांनी हाच नेम लावला! वर कहर म्हणजे, पुरात तो आडवा झाला की हेच लोक सरळ करतात, फडकं बदलतात.

"थोरला कोळशाच्या खाणीत गेला," कवडूभाऊंच्या गिरजाबाई म्हणाल्या. "आता धाकटाही चालला. डोह खुला असता तं काऊन गेला असता?"

माझं डोकंच फिरलं. निघताना तंबूच्या खुंट्या बऱ्या आठवणीनं नेल्या असतील मेल्यांनी! मी खांब धरला, हिसडे देऊन उपटला आणि नदीत भिरकावला.

"झाला खुला! टाका जाळं!"

कोणी हललं नाही. गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. संध्याकाळी त्यांनी मला भात वाढला, त्यावर उथळ पाण्यातले बोटाएवढे मासे.

सकाळी बंडीत माझ्याशेजारी धाकटा गाठोडं घेऊन बसला.

"अरे, डोह खुला झालाय ना?"

"बाबा नवा खांब गाडून राह्यले," तो म्हणाला.

काठावर कवडूभाऊ खांबाभोवतीची माती पायानं दाबत होते. मी ओरडलो. त्यांनी हात जोडले.

"भाऊ, तुमी नव्हता गाडला."

घरी सगळे विचारतात, बुरूज कसा होता? माझं पित्त खवळतं. त्या साहेबाला गाठून जाब विचारावा म्हणून वाटेत मी धाकट्याला त्याचं नाव विचारलं होतं. ते गावात कोणालाच ठाऊक नाही.